माठ, मॅसडेव्हालिया आणि मराठवाड्याची रात्र

मराठवाड्यात ऑर्किडचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: इथं मे महिन्यात तुळस जगवताना नाकीनऊ येतात, ऑर्किडचं काय घेऊन बसलात? हे मत काही अडाण्यांचं नाही. रोपवाटिकावाले तेच सांगतात, कृषी प्रदर्शनात पॉलीहाऊसचा स्टॉल लावणारे तेच सांगतात, आणि वनस्पतिशास्त्रात हयात घालवलेली माणसंही मान डोलावतात. नीट मांडलं तर ते असं होईल: ऑर्किड ही थंड, दमट डोंगरावरची वनस्पती. नांदेड-लातूरचा पारा उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. म्हणून ती इथं मरते. त्यातही अंगठ्याएवढी, थंड हवेतली मिनिएचर ऑर्किडं ही तर निव्वळ चैन. ज्याला हौस आवरत नाही त्यानं ती कूलरसमोर ठेवावीत, आणि तरीही मेली तर नशिबाला दोष द्यावा.

पूर्वपक्षाचं निरीक्षण खोटं नाही. झाडं मरतात. कालिम्पाँगहून कुरिअरनं आलेलं, ओल्या मॉसमध्ये गुंडाळलेलं हजार-बाराशे रुपयांचं रोप वर्षाच्या आत कचऱ्यात गेल्याच्या कहाण्या आमच्याकडं पैशाला पासरी मिळतील. माझा वाद कारणाशी आहे. आणि कारण चुकलं की उपाय चुकतो: लोक दुपारशी लढतात, ग्रीन नेटवर ग्रीन नेट चढवतात, मे पार पडला की सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि झाड सप्टेंबरात जातं.

आधी ‘ऑर्किड म्हणजे थंड हवा’ हे समीकरण बाजूला करू. त्याला फार वेळ द्यायची गरज नाही. बांधावरच्या जुन्या आंब्याच्या खोडाला चिकटलेलं, पट्ट्यासारख्या जाड पानांचं, दोरीसारखी पांढुरकी मुळं सोडलेलं एक झाड आपल्याकडं अनेकांनी पाहिलेलं असतं. ते व्हँडा टेसेलाटा. पिवळट-तपकिरी चौकटीदार पाकळ्या, निळसर-जांभळी जीभ, आणि वास असा की तोंडात नाव येण्याआधी माणूस थबकतो. आंब्याचा मालक त्याला बांडगूळ समजून कोयत्यानं उतरवतो. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवून रस ओढतं, हे नुसतं सालीवर बसलेलं असतं. पण इतका फरक कोण करतो! व्ही. एन. नाईकांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली आला, त्यातही ऑर्किडच्या कुळाला त्याची जागा आहेच. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, थेंबभर पाण्याशिवाय, उघड्या फांदीवर जगणारं ऑर्किड आपल्याच शिवारात असताना सगळ्या कुळाला थंडीच्या खात्यात टाकणं बरोबर नाही.

ही सरसकट चूक आपलीच आहे असंही नाही. इंग्रजांनी दोनशे वर्षांपूर्वी हीच चूक उलट्या बाजूनं केली. त्यांच्या लेखी ऑर्किड म्हणजे उष्ण कटिबंधातलं जंगल. म्हणजे काचघर कोंडायचं, धगधगत्या शेगड्यांनी तापवायचं आणि पाण्याची वाफ धरायची. १८३०च्या सुमाराला जॉन लिंडलीसारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानंही भरपूर उष्णता, दाट सावली आणि खूप ओल असाच सल्ला दिला होता. अँडीज पर्वतातून जहाजांनी आलेली हजारो झाडं त्या काचघरांत अक्षरशः शिजली. इंग्लंड ही उष्ण देशांतल्या ऑर्किडांची कबर आहे, असं पुढं म्हटलं गेलं ते यावरून. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टननं वेगवेगळ्या तापमानाची वेगळी घरं ठेवून, हवा खेळती ठेवून वाट दाखवली. जाँ लिंडननं कोलंबिया आणि क्यूबातून आणलेल्या ऑर्किडांवर १८४६ साली जी पुस्तिका निघाली, तीत झाड किती उंचीवर सापडलं याच्या नोंदी होत्या. आणि ती पुस्तिका लिहिली त्याच लिंडलीनं. पुढं जेम्स बेटमननं ओडोंटोग्लॉसमवरचा मोठा ग्रंथ १८६४ ते १८७४ अशी दहा वर्षं खपून काढला आणि डोंगरातल्या ऑर्किडांना गार काचघरंच हवीत हे लोकांच्या गळी उतरवलं. झाड कोणत्या देशातलं हे विचारून भागत नाही, कोणत्या उंचीवरचं हे विचारावं लागतं, एवढी अक्कल यायला चाळीसेक वर्षं आणि एक अख्खं जंगल खर्ची पडलं.

आता मुख्य मुद्दा. मॅसडेव्हालिया, ड्रॅक्युला, लेपँथेस ही मिनिएचर ऑर्किडांतली मंडळी अँडीजच्या ढगातल्या जंगलांतली. बहुतेक दीड ते साडेतीन हजार मीटरवरची. तिथं दिवस वीस-बावीस अंशांचा आणि रात्र दहा-तेरा अंशांची. यांच्यातल्या बहुतेकांना कंद नसतो. व्हँडाचं जाड पान किंवा डेंड्रोबियमचा फुगीर दांडा म्हणजे गाठीला बांधलेली शिल्लक. मॅसडेव्हालियाकडं एका देठावर एक पान आणि खाली केसासारखी बारीक मुळं, बस्स. तिचा कारभार रोज मिळवायचं आणि रोज खायचं असा. दिवसा प्रकाशात साखर तयार होते, रात्री श्वसनात ती जळते. दर दहा अंश तापमान वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं, हे शाळेतल्या जीवशास्त्रातलं ज्ञान. म्हणजे तेरा अंशांच्या रात्रीला सरावलेल्या झाडाची रात्र तेवीस अंशांची झाली की खर्च दुप्पट, आणि मिळकत तेवढीच. दुपारी दोन तास तीस अंश झाले तर झाड कुरकुरतं, पण निभावतं. सलग शंभर रात्री तेवीस अंश राहिले तर ते उपाशी मरतं.

हे उपाशी मरणं डोळ्यांनी दिसतं, फक्त कुठं बघायचं ते ठाऊक हवं. नवं पान जुन्या पानापेक्षा लहान निघतं, त्यानंतरचं त्याहून लहान. कुंडीत पाच पिढ्यांची पानं उतरत्या भाजणीनं लावल्यासारखी दिसतात. मग एके दिवशी हिरवंगार, टवटवीत पान देठाच्या सांध्याशी काळं पडून हातात येतं. मॉस उकललं तर मुळं तपकिरी आणि लिबलिबीत, चिमटीत धरून ओढलं की साल सुटते आणि आत नुसता दोरा राहतो. माळी म्हणतो, पाणी जास्त झालं. पाणी जास्त झालं नव्हतं. अशक्त झालेल्या मुळांना पेलेनासं झालं होतं.

मराठवाड्यात अशा शंभर सलग रात्री कोणत्या? लोक एका सुरात म्हणतील, एप्रिल-मेच्या. इथंच गफलत आहे, आणि ती समजायला प्रयोगशाळा नको, घरातला माठ पुरे. मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवावेत इतकं गार होतं. ऑगस्टमध्ये तोच माठ, तेच पाणी, बाहेर हवाही गार, आणि पाणी मात्र कोमट. बाया म्हणतात, पावसाळ्यात माठ काम करत नाही. कारण माठाचं काम हवेच्या कोरडेपणावर चालतं. पाणी पाझरतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा आधीच ओली असेल तर उडायला वाव नाही.

यावर आकडे बसवून पाहू. मेमधल्या रात्री दोन-तीनच्या सुमाराला गच्चीवर २८ अंश आणि ४० टक्के आर्द्रता धरा. उघड्यावर ठेवलेली, भिजलेली, सच्छिद्र मातीची कुंडी अशा हवेत जास्तीत जास्त एकोणीस अंशांच्या आसपास उतरू शकते. आता ऑगस्टची रात्र घ्या: २३ अंश, ९० टक्के आर्द्रता. तीच कुंडी पावणेबावीसच्या खाली जाणार नाही. शिवाय मेमध्ये आभाळ निरभ्र असतं, पान स्वतःची उष्णता सरळ आकाशाला देऊन आजूबाजूच्या हवेपेक्षाही थोडं गार होतं. पावसाळ्यात ढगांची गोधडी ती वाटही बंद करते. म्हणजे ज्या महिन्याला आपण जल्लाद समजतो त्या महिन्यात मातीच्या कुंडीतल्या मुळांना रात्रीचा दिलासा मिळू शकतो, आणि ज्या पावसाळ्याला आपण दयाळू समजतो तो जूनअखेर ते सप्टेंबरअखेर जेमतेम सव्वा अंशाची सूट देतो. महाबळेश्वरला हा प्रश्न येत नाही, कारण तिथं ऑगस्टची रात्र सोळा-सतरा अंशांपर्यंत येते. लातूर बालाघाटच्या पठारावर असलं तरी तेवढं उंच नाही, आणि नांदेड तर गोदाकाठी, त्याहूनही खाली.

‘पण मेमध्ये माझी झाडं गेलीच की!’ असं म्हणणारे भेटतील, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांची झाडं घरात होती. आजचं घर म्हणजे स्लॅब. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब संध्याकाळी आतल्या बाजूनं उष्णता सोडायला लागतो. रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टुलावर चढून छताला तळहात लावला तर तो चटकन मागं घ्यावा लागतो. बाहेर हवामान खात्याचा पारा २७ दाखवत असतो आणि त्या खोलीत बत्तीसच्या खाली उतरायचं नाव नसतं. जुन्या माळवदाच्या घरात हाच खेळ फार संथ चालायचा, मातीचा जाड थर दिवस आणि रात्र दोन्हींना बोथट करायचा. तेव्हा मेमध्ये खोलीत मेलेल्या झाडाचा खुनी दुपारचं ऊन नव्हे. स्लॅबखालची रात्रच ती. माणसं उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जातात, कुंड्या मात्र खाली खोलीत ‘सुरक्षित’ ठेवतात!

मग कूलरचा सल्ला कितपत टिकतो? कूलर हा माठाचाच मोठा भाऊ. दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगल्या गवताचा कूलर हवा सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत आणतो आणि ओलही देतो. मेपुरता तो बऱ्यापैकी मित्र आहे. जुलैत ३१ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तोच कूलर जेमतेम तीन अंश खाली आणतो, आणि रात्री तर नुसता पंखा. म्हणजे जिथं गरज सर्वांत जास्त तिथं तो हात वर करतो. एसीचं उलटं आहे: तापमान उतरवतो, पण हवेतली ओल काढून नळीवाटे खिडकीबाहेर टाकतो. शिवाय मूठभर झाडांसाठी अख्खी खोली रात्रभर तेरा अंशांवर ठेवायची, तर घरातले लोक कुठं झोपतील? खरं तर घरचा एसी सोळाच्या खाली उतरतच नाही.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पाणी आणून ज्या लातूरची तहान भागवावी लागली, त्या लातुरात परदेशी फुलांचे लाड करणं शोभतं का? आक्षेप नैतिक आहे म्हणून त्याला हिशोबाचं उत्तर द्यायचं नाही असं होत नाही. कूलर तासाला काही लिटर पाणी हवेत उडवतो, तेही माणसांच्या सुखासाठी, आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. काचेच्या बंद पेटीत वाढणाऱ्या डझनभर मिनिएचर ऑर्किडांना दिवसाला पेला-दोन पेले पाणी लागतं, आणि त्यातलंही बरंचसं काचेवर दव होऊन परत मॉसमध्ये ओघळतं. आक्षेप खरा लागू पडतो तो कूलर लावून ऑर्किड वाढवा म्हणणाऱ्यांना.

आणि पेटी हेच माझं मंडन आहे. पूर्वपक्ष धरून चालतो की हवामान म्हणजे गावाचं हवामान; लातूर ते लातूर. झाड फूटभर उंचीचं असतं तर हे मान्य करावं लागलं असतं. पण झाड चार बोटांचं आहे. त्याला लागणारं हवामान दोन फूट काचेत मावतं. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्डनं १८४२ साली बंद काचपेट्यांत झाडं वाढवण्यावर पुस्तक लिहिलं, ते शहराच्या धुरात नेचे जगत नव्हते म्हणून. त्याच्या पेट्यांतून पुढं जगभर रोपं जहाजांनी फिरली. आपल्याला त्या पेटीला फक्त रात्र द्यायची आहे. शीतपेयांच्या दुकानात असतो तसा काचेच्या दाराचा लहान फ्रिज जुन्या बाजारात मिळतो. त्याचा मूळ थर्मोस्टॅट बाजूला ठेवून दिवस-रात्रीची वेगळी तापमानं लावता येतील असा बाहेरचा तापमान-नियंत्रक लावायचा: दिवसा बावीस, रात्री तेरा. आत बारा तासांच्या टायमरवर एलईडी दिवे, आणि कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा छोटा पंखा चोवीस तास. चार अंशांऐवजी तेरावर चालवल्यामुळं विजेचा खर्च घरच्या फ्रिजहून जास्त येऊ नये.

यातल्या खोडी सांगायला हव्यात, नाहीतर हेही जाहिरातीसारखं होईल. फ्रिज हवा गार करताना ओल ओढून घेतो, म्हणून तळाशी पाण्याचा ट्रे आणि झाडं ओल्या मॉसमध्येच हवीत. वीज गेली की पंखा थांबतो, आणि थांबलेल्या ओल्या हवेत काळी कूज एका रात्रीत पसरते. पंखा इन्व्हर्टरवर घ्यावा आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या कायम तयार असाव्यात. आणि पहिल्याच खेपेला ड्रॅक्युला आणू नये. फुलाचं माकडाचं तोंड बघून सगळे त्याच्याच मागं लागतात. पण ते फार थंड आणि फार ओल्याचं झाड. मॅसडेव्हालिया इन्फ्राक्टा, मॅसडेव्हालिया फ्लोरिबुंडा या जरा खालच्या उंचीवरच्या जाती, किंवा रेस्ट्रेपिया, ही उष्णतेला थोडी जास्त सोसणारी. रेस्ट्रेपियाच्या जुन्या पानाच्या बुडाशी नवं रोप फुटतं, म्हणजे एक मेलं तरी वंश राहतो.

पाण्याचं प्रमाण पुरे झालं, पाण्याची जात राहिली. ऑर्किड मेल्याचं खापर उन्हावर फोडताना बोअरचं पाणी सुटून जातं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात. आमच्याकडचे अनेक बोअर या दोहोंच्या मधे कुठंतरी असतात. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर बसलेला पांढरा थर ते सांगतोच. ढगातलं पाणी पिणाऱ्या मुळांना शंभराच्या आतलं पाणी हवं. पानांची टोकं काळी पडली तर आधी टीडीएस मीटर बुडवून बघावं, सावली वाढवत बसू नये. असल्या पाण्यावर चालवलेला अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर तर पानांवर पांढरी भुकटी शिंपडत बसतो. पावसाळ्यात साठवलेलं पाणी सर्वांत उत्तम, नाहीतर जारचं आरओचं.

राहता राहिलं ‘मिनिएचर म्हणजे नाजूक’ हे गृहीतक. त्याचं खंडन सह्याद्रीच करतो. डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉनचे कंद शेंगदाण्याएवढे. पावसाळा संपला की पानं टाकून ते सालीला चिकटून राहतात आणि कोरड्या महिन्यांतच त्यांना फूल येतं. पॉरपॅक्स तर खडकाला शिवलेल्या गुंड्यांसारखं, जाळीदार आवरणात सुकून पडलेलं. पहिला पाऊस लागेपर्यंत ते जिवंत आहे यावर विश्वास बसत नाही. सांतापाऊ आणि कपाडिया यांनी १९६६ साली मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांवर ग्रंथ काढला, तेव्हापासून ही मंडळी अभ्यासकांना नीट माहीत आहेत. बागवाल्यांपर्यंत पोचली नाहीत. सात-आठ महिने पावसाशिवाय काढणारी ही ठेंगणी झाडं मराठवाड्याच्या गच्चीला परक्या मॅसडेव्हालियापेक्षा कितीतरी जवळची. मात्र ती आंबोलीच्या फांदीवरून खरवडून आणायची नाहीत. सगळं ऑर्किड कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या यादीत आहे आणि २०२२च्या दुरुस्तीनं आपल्या वन्यजीव कायद्यातही त्या यादीला जागा मिळाली. पण कायदा नसता तरी डोंगर ओरबाडून छंद करणं हा छंदच नव्हे. रोपवाटिकेत बियांपासून किंवा उती-संवर्धनातून तयार झालेलं मिळालं तर घ्यावं, नाहीतर वाट बघावी.

एका रूढीबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ती सर्वांत निरुपद्रवी दिसते. आपल्याकडं मृग लागला की झाडं लावायची. आंब्या-चिंचेला ते योग्यच. थंड हवेच्या ऑर्किडांची मागणीही लोक त्याच हिशोबानं जून-जुलैत नोंदवतात, आणि कुरिअरमध्ये आठवडाभर गुदमरलेलं रोप थेट त्या शंभर रात्रींच्या तोंडी देतात. नोव्हेंबरच्या मध्याला मागवा. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत लातूरच्या गच्चीवर रात्री दहा ते सोळा अंशांची असते, फुकट असते, आणि तेवढ्या साडेतीन महिन्यांत नवी मुळं धरलेलं रोप मार्चमध्ये पेटीत गेलं तर जुलैला तोंड द्यायला त्याच्या गाठीला काहीतरी असतं.